दळण आपले, गिरणी दुसऱ्याची

रविवारी सकाळी दळणाचा डबा घेऊन गिरणीत रांगेला उभे राहण्याचे काम लहानपणी ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना घरून निघतानाची सूचना अजून पाठ असेल. आपल्या आधी कशाचे दळण होते ते विचार, मगच डबा पुढे कर! ज्वारीवर गहू पडले तर पोळीची तक्रार, गव्हावर उपासाची भाजणी पडली तर उपासाचीच तक्रार. धान्य आपले, निवडणे-पाखडणे आपले, जाड की बारीक हे सांगणे आपले. यंत्र, वीज आणि माणूस मात्र गिरणीवाल्याचा. किलोमागे ठरलेले पैसे द्यायचे, आणि घरी आल्यावर डबा हाताला हलका लागला की आईने भुवया उंचावायच्या.

उद्योगाच्या भाषेत यालाच जॉबवर्क म्हणतात. म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या यंत्रावर, आपल्या सांगण्याप्रमाणे करवून घेणे. त्यातल्या साऱ्या खाचाखोचा मराठी घराला तीन पिढ्यांपासून ठाऊक आहेत. असे असूनही, घरातून सुरू झालेला एखादा छोटा धंदा वाढायला लागला आणि "माल बाहेरून करवून घ्या" असे कोणी सुचवले, की आपल्याकडे चेहरे पडतात. जणू पोर दत्तक द्यायला सांगितले आहे!

आमच्या नात्यातल्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. चकलीची आणि थालीपिठाची भाजणी त्या करतात. सुरुवात बिल्डिंगमधल्या चार घरांपासून झाली. मग ऑफिसातल्या मैत्रिणी, मग त्यांच्या नणंदा-जावा, मग स्टेशनाजवळचे एक दुकान, मग तशी सहा दुकाने. हाताशी चार बायका आल्या. दिवाणखान्यातला सोफा गॅलरीत गेला आणि त्याच्या जागी पोती आली. दिवाळीच्या आधीचे दोन महिने घरात बोलायचे ते ओरडूनच, कारण मिक्सर, पंखे आणि फोन एकाच वेळी चालू. एका वर्षी एका मोठ्या दुकानदाराने विचारले, "ताई, गेल्या वर्षीच्या चौपट माल देता का? दिवाळीनंतरही दर महिन्याला घेईन." वहिनींनी हो म्हटले, घरी आल्या आणि रात्रभर झोपल्या नाहीत.

अशा वेळी समोर दोन वाटा असतात. एक, गाळा घ्यायचा, भाजायचे ड्रम आणि दळायचे पल्व्हरायझर घ्यायचे, वीजजोड घ्यायची, माणसे ठेवायची. दुसरी, ज्याच्याकडे हे सारे आधीच आहे आणि ज्याचे यंत्र वर्षातले काही महिने रिकामे बसते, अशा कोणाला तरी गाठायचे. भाऊंच्या निवृत्तीचे पैसे तेव्हा नुकतेच हातात आले होते. त्यामुळे घरात पहिल्या वाटेचा जोर. भाऊंचे म्हणणे, स्वतःचे यंत्र म्हणजे स्वतःचे. वहिनींचे म्हणणे, "अहो, यंत्र आपले झाले तरी दिवाळी वर्षातून एकदाच येते."

माझे मत वहिनींच्या बाजूचे होते आणि आहे. छोट्या धंद्याचे पैसे बहुधा दोन ठिकाणी अडकतात, यंत्रात आणि उधारीत. उधारी टाळता येत नाही. यंत्र टाळता येते. ज्या माणसाची खरी करामत चवीत आहे आणि गिऱ्हाईक ओळखण्यात आहे, त्याने मोटार जळाली म्हणून दिवसभर वायरमनची वाट का पाहावी? मालाला मागणी कायम आहे, ती वर्षभर आहे, हे दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले की मग खुशाल गाळा घ्यावा.

पण "करवून घेतलेला माल" या शब्दांना आपल्याकडे कमीपणाचा वास आहे. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी अभिमानाने लावणारा आपला समाज! मोठमोठ्या कंपन्यांना मात्र हा संकोच कधी वाटला नाही. आपल्या देशात तर कायद्यानेच त्यांना ही सवय लावली. 1967 साली 47 वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. पुढे ही यादी वाढत आठशेच्या वर गेली. एप्रिल 2015 मध्ये शेवटच्या 20 वस्तू तिच्यातून निघाल्या, तेव्हा त्यांत लोणची, पाव, वह्या, मेणबत्त्या, आगपेट्या आणि उदबत्त्या होत्या. ज्या वस्तू स्वतःच्या कारखान्यात करता येत नव्हत्या त्या मोठ्या कंपन्या छोट्यांकडून करवून घेत आणि वर आपले नाव छापत. नाव टोलेजंग इमारतीचे, पण माल कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमधला, असा हा प्रकार. त्यात फसवणूक काही नव्हती.

आज घरात असलेली साबण, शाम्पू, बिस्किटे, मसाला यांची पाकिटे उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचून पाहा. मुलांना भिंग देऊन बसवले तर दुपार चांगली जाते. विकणारा एक आणि बनवणारा दुसरा, असे किती पाकिटांवर निघते ते मोजा. 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तो पाकीट भरणारा नसेल तर भरणाऱ्याचेही नाव-पत्ता छापावे लागते. खाद्यपदार्थांवर परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही असतो. वहिनींनी शोध सुरू केला तो इथूनच. दुकानात जाऊन पीठ, मसाले, तयार मिश्रणे यांची पाकिटे त्या उलट्या करीत गेल्या आणि दोन तासांभराच्या अंतरातले पत्ते वहीत उतरवीत गेल्या. दुकानातल्या पोराला वाटले, या अन्नखात्याच्या बाई आहेत! त्याने आत जाऊन मालकाला बोलावून आणले.

पत्ते मिळण्याचे आणखी दोन चांगले मार्ग आहेत. पाकिटे छापून देणारा आणि यंत्रे दुरुस्त करणारा. कोणाचे यंत्र रिकामे आहे, कोण मालाचे पैसे बुडवतो, कोणाकडे उंदीर आहेत, हे या दोघांना जितके ठाऊक असते तितके बँकेलाही नसते.

पत्ता मिळाला म्हणजे जोडीदार मिळाला असे नाही. पहिले चार जण तर फोनवरच संपले. "महिन्याला किती टन?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वहिनींचे उत्तर किलोत. यात राग मानण्यासारखे काही नाही. मोठा ड्रम अर्धा भरून चालवला तर भाजणे नीट होत नाही, आणि प्रत्येक नव्या मालाआधी सगळे यंत्र झाडून-पुसून घ्यावे लागते. त्या सफाईचा वेळ शंभर किलोला जितका लागतो, तितकाच हजार किलोला. म्हणून किमान ऑर्डरचा आकडा येतो. पाकिटांचेही तसेच. रंगीत छापील पाकिटाच्या रोलसाठी प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि छापणारा थोडके छापून देत नाही. पहिली दोन वर्षे साध्या पाकिटावर चांगले लेबल चिकटवावे हे उत्तम. छापलेली पाकिटे माळ्यावर पडून राहिलेली आणि मधल्या काळात पत्ता किंवा वजन बदललेले, अशी घरे मी पाहिली आहेत.

पाचवा पत्ता जमला. ज्याच्यासाठी आपण फार लहान नाही आणि ज्याचे पोट केवळ आपल्यावर चालत नाही, असा जोडीदार शोधावा, हे त्या आजही सांगतात. मोठ्या कारखान्यात आपला घाणा सर्वांत शेवटी लागतो. अगदीच लहान असला तर आपली ऑर्डर थांबताच तो बसतो, आणि मग आपल्याच गिऱ्हाइकांकडे वळतो.

पाहणीला त्या न कळवता गेल्या. यंत्रे पाहिलीच, पण त्याआधी कामगारांचे हात धुण्याचे नळ पाहिले. पिंपांवर नावे-तारखा आहेत का, परत आलेला माल कुठे ठेवतात, झाडू कुठे टांगलेला आहे, हे पाहिले. आणि मग गिरणीतला तो जुना प्रश्न विचारला, "दादा, आमच्या आधी यात काय दळता?" मालक हसला. म्हणाला, "ताई, मिरची आणि गरम मसाला वेगळ्या यंत्रावर. तुमच्या आधी बेसन असेल. पहिले दहा किलो मी बाजूला काढीन, ते तुमच्या हिशेबात धरणार नाही." वहिनी म्हणतात, या माणसाशी जमेल हे तेव्हाच कळले. दर त्याचा सर्वांत कमी नव्हता. कमी दर देणाऱ्याने या प्रश्नाला "काळजी करू नका" एवढेच उत्तर दिले होते.

पण त्याआधी एक प्रसंग घडला होता, तो सांगायला हवा. एक वर्ष अगोदर घाईघाईत त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी दिवाळीचा माल टाकला होता. करार तोंडी, कृती तोंडी. "खमंग भाजा, फार बारीक नको," एवढेच सांगितलेले. दिवाळी जवळ आली आणि त्या कारखान्याला एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम आले. वहिनींचा माल मागे राहिला आणि वसुबारसेच्या आदल्या रात्री टेम्पो दारात उभा राहिला. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, सारे एकाच ड्रममध्ये एकत्र भाजलेले. उडीद करपलेला, तांदूळ कच्चा. दळण मैद्यासारखे. रात्री बाराला त्यांनी कढई ठेवली. चकली सोऱ्यातून पडली ती काटा न धरता, आणि तेलात जाताच तुटली. निम्मा माल तेव्हाच दुकानांत पोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून त्या आणि भाऊ सहाही दुकानांत फिरले आणि पाकिटे उचलून आणली. ती दिवाळी तोट्याची गेली. दोन दुकाने कायमची गेली. "तुम्ही बाहेरून घेताय वाटतं हल्ली?" असे एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारले, तो घाव तोट्यापेक्षा मोठा.

दोष त्या कारखान्याचा होता, यात शंका नाही. परंतु वहिनींचे त्यावरचे म्हणणे मला जास्त मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या, "खमंग म्हणजे काय हे मला माहीत होतं, त्याला कसं माहीत असणार?"

इथेच बहुतेकांची गाडी अडते. घरची कृती हातात असते, नाकात असते, कागदावर नसते. ती कागदावर आणणे म्हणजे आपल्याच हाताची उलटतपासणी घेणे. पुढच्या चार महिन्यांत वहिनींनी तेच केले. स्वयंपाकघरात वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ आले. तांदूळ धुऊन किती तास वाळवायचे, कोणते धान्य किती आचेवर किती मिनिटे, भाजल्यावर एक किलोचे किती भरते. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, ही अट पहिली. धणे-जिरे शेवटी. दळणासाठी जाळीचा नंबर ठरला. त्यासाठी पाच जाळ्यांचे पीठ आणून पाच वेळा चकल्या झाल्या आणि भाऊंनी पाचही वेळा "छान आहे" म्हणून सांगितले. त्यांचा काहीच उपयोग झाला नाही! शेवटी पसंत पडलेल्या पिठाच्या दोन बरण्या हवाबंद झाल्या, एक घरी, एक कारखान्यात. रंग आणि वास त्या बरणीशी ताडून पाहायचा आणि ठरावीक मुदतीने बरणी बदलायची. त्याच पिठाची काही पाकिटे तारीख घालून कपाटात ठेवली आणि दर महिन्याला एक फोडली. किती महिन्यांनी खवट वास येतो हे कळल्याशिवाय पाकिटावर मुदत छापायची कशी?

"पण मग कृती त्याच्या हातात गेली की!" ही भाऊंची भीती. ती खोटी नाही. आजीच्या भाजणीवर पेटंट मिळत नाही. पारंपरिक ज्ञान पेटंट कायद्याने वगळलेलेच आहे. नाव मात्र नोंदवता येते, आणि ते बोलणी सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या नावावर नोंदवावे. ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. कृती गुप्त ठेवण्याचे कलम करारात घालता येते. मात्र सर्वांत जुना उपाय वेगळाच आहे. कृतीचा गाभा स्वतःकडे ठेवायचा आणि उरलेले काम बाहेर द्यायचे.

याचे जगातले गाजलेले उदाहरण कोका-कोलाचे. 1899 साली चॅटनूगा गावचे दोन वकील, बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, कंपनीचे मालक आसा कँडलर यांच्याकडे गेले आणि हे पेय बाटलीत भरून विकण्याचा हक्क त्यांनी मागितला. तोवर ते दुकानात ग्लासातून विकले जाई. कँडलर यांचा बाटलीवर विश्वास नव्हता. त्यांनी जवळजवळ साऱ्या अमेरिकेचा हक्क एका डॉलरला देऊन टाकला. सिरप कंपनी करणार, बाटल्या भरण्याचे काम दुसरे करणार. यंत्रसामग्रीवर फारसा खर्च न करता कंपनीचा माल गावोगाव पोचला. करारात मात्र दोन गोष्टी राहून गेल्या. त्याला मुदत नव्हती, आणि सिरपचा भाव ठरलेला होता. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर साखर कडाडली तेव्हा कंपनी अडचणीत आली, 1920 मध्ये प्रकरण कोर्टात गेले आणि अखेर साखरेच्या भावाशी सिरपचा भाव जोडून तडजोड झाली. करार लिहिताना सुखाचे दिवस डोळ्यांपुढे असतात, हीच त्यातली अडचण. डाळ महागली तर काय, माल बिघडला तर कोणी सोसायचे, दिवाळीआधी किती दिवस माल हवा, करार मोडायचा तर किती महिने आधी सांगायचे, छपाईचे सिलिंडर कोणाच्या मालकीचे, हे सारे चहा गोड लागत असतानाच लिहून घ्यावे.

आणि एक आपल्या बाजूचे. पैसे वेळेवर द्यावेत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण कायदा बाजूला ठेवा. दिवाळीच्या तोंडावर यंत्र एकच आणि गिऱ्हाइके दहा असतात. त्या वेळी कोणाचा घाणा आधी लावायचा हे मालक ठरवतो, आणि ज्याचा चेक गेल्या वेळी वेळेवर आला त्याची त्याला आठवण होते.

आता राहिला तो प्रश्न, ज्यावर वहिनींच्या घरात सर्वांत कमी बोलणे झाले आणि सर्वांत जास्त विचार झाला. त्या चार बायकांचे काय? सात-आठ वर्षे त्या येत होत्या. एकीच्या मुलीची फी याच भाजणीतून गेली होती. सगळे काम कारखान्यात गेले असते तर माल वाढला असता, नफाही वाढला असता आणि या चौघी घरी बसल्या असत्या. उद्योगवाढीच्या व्याख्यानांत हा मुद्दा सहसा येत नाही. आला तरी "त्यांना दुसरीकडे सामावून घ्यावे" एवढ्या वाक्यात संपतो.

या ठिकाणी वहिनींच्या मनात लिज्जतची आठवण होती. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पुढे काम देशभर पसरले, पण पद्धत फार बदलली नाही. पीठ केंद्रावर मळले जाते, बायका ते घरी नेऊन लाटतात, पापड परत आणतात, ते तपासले आणि वजन केले जातात. चव ज्यात आहे ते पीठ एका जागी, आणि हात हजारो घरांत. तिथे लाटणाऱ्या बायका स्वतः संस्थेच्या भागीदार आहेत, हा फरक अर्थातच मोठा. वहिनींचा धंदा तसा नाही आणि त्या तसा आवही आणत नाहीत.

त्यांनी मांडणी जरा फिरवली. भाजणे स्वतःकडे ठेवले. त्यासाठी छोटासा गाळा भाड्याने घेतला, गॅसवरचे दोन भाजायचे ड्रम घेतले. भाऊंच्या पैशांपैकी पाचवा हिस्साही लागला नाही. चौघी तिथे येतात; आता त्या सहा झाल्या आहेत. धान्य निवडणे, वाळवणे, वेगवेगळे भाजणे, मिसळणे तिथेच होते. दळणे, चाळणे आणि पाकिटे भरणे कारखान्यात. माल चलनावर जातो आणि पीठ होऊन येतो. कर-कायद्याने जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, इथे तो चौथ्या दिवशी येतो. पाकिटावर दोन्ही नावे आहेत. सगळेच बाहेर दिले असते तर किलोमागे थोडे जास्त सुटले असते, हे भाऊ अजूनही मधूनमधून कागदावर मांडून दाखवतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे.

त्या मोठ्या दुकानदाराला चौपट माल पहिल्या वर्षी गेला नाही, अडीचपट गेला. दुसऱ्या वर्षी चौपट. गमावलेल्या दोन दुकानांपैकी एक परत आले. दुसऱ्याने अजून "बघू" म्हटलेले आहे.

प्रत्येक घाण्यातले अर्धा किलो पीठ पाकिटे भरण्याआधी कारखान्यातून वहिनींकडे येते. त्या मोहन घालून, उकळत्या पाण्यात पीठ भिजवून चार चकल्या पाडतात. एक मोडून आतली नळी पाहतात, एक सहा जणींपैकी जी जवळ असेल तिला देतात, एक भाऊंना. चौथी दुसऱ्या दिवशी खायची, मऊ पडली का ते पाहायला. मग फोन जातो, "दादा, भरा पाकिटं." गेल्या वर्षी एकदा तो गेला नाही. घाणा परत आला आणि त्याचे पैसे कोणी सोसायचे हे कराराच्या तिसऱ्या पानावर लिहिलेले होते, त्यामुळे भांडण झाले नाही.